मंगळवारी होडी लोटत नाहीत

मंगळवार, १ जानेवारी १७७१

आज समुद्राची सुट्टी. मंगळवारी आमच्या गावातली एकही होडी पाण्यात जात नाही. मासे नाहीत, जहाजांच्या फेऱ्या नाहीत, आरडाओरडा नाही. तांडेल मंडळी वाळूत बसून जाळी सांधतात आणि बायकांची बोलणी खातात. समुद्राच्या देवाला आठवड्यातून एक दिवस आपलं घर झाडायचं असतं. तेव्हा मध्ये कडमडायचं नाही, एवढं इथं रांगत्या पोरालासुद्धा कळतं.

मला सुट्टी असली की लिहावंसं वाटतं. गोऱ्यांच्या किल्ल्यातल्या पाद्रीबाबानं मरताना उरलेले कागद मला दिले. लिहीत राहा एको, नाहीतर शिकलेलं सगळं गळून जाईल, म्हणाला. त्याच्या शाळेतल्या बाकीच्यांचं गळलं. गोऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा गावात आता मी एकटा. ओतूमामा जहाजांचा दलाल आहे. कप्तानाला समुद्रापार नेऊन विकायला माणसं हवी असतात, उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना कापड, बंदुका, दारू हवी असते. मामा दोघांच्या मध्ये बसतो. मी मामाच्या शेजारी बसतो, त्याची जीभ म्हणून.

जीभच. हात नाही, पोट नाही. दाढी आली तरी नुसती जीभ.

आत्ता अराबा डोकावून गेली.

"कागदावर कोंबड्या चालवतोयस का?"

"हसून घे. उद्या मी मोठा माणूस झालो की याच कागदात तुझं नाव असेल."

"उद्या बुधवार. बुधवारी तू मामाची पिशवी उचलतोस."

धाकटी बहीण आहे. ती मंगळवारची; आमच्याकडं वारावरून नाव ठेवतात, म्हणून तर अराबा. समुद्राच्या दिवशी जन्मली म्हणून हिच्या जिभेला मीठ, असं आई म्हणते. बाजारात तळलेले मासे विकते. ती पैसे परत देताना कुणी मोजून घेत नाही, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाला हौस नाही.

शनिवार, ५ जानेवारी

घाईनं लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

कप्तान रॅडलीनं आज मला एकट्याला बोलावलं. मामाला नाही, मला. निळ्या पट्ट्याचं त्याचं जहाज पावसाळा संपल्यापासून आमच्यासमोर नांगर टाकून आहे. ऊन लागू नये म्हणून डेकवर गवताचं छप्पर घातलंय, त्याच्याखाली बसवलं, लाल दारू दिली.

म्हणाला, "तुझा मामा सगळं गिळतो. तुझ्या हाताला नुसता वास उरतो. स्वतः का नाही करत?"

मी म्हणालो, "माल कोण देणार?"

"मी देतो. तू उत्तरेच्या बाजारात जा. दहाजण आण. माझं जहाज भरायला तेवढेच कमी पडतायत."

दहा. मामाला एवढे जमवायला पाच दलालांच्या पाया पडावं लागतं. मी एकटा आणणार. बाजारातली भाषा मला येते, गोऱ्यांची येते, मध्ये कुणीच नको.

मग तो म्हणाला, "अर्थात, गहाण लागेल."

ते लागतंच. माल घेऊन कुणी पळून गेला तर कप्तानानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? म्हणून घरातलं एक माणूस जहाजावर राहतं. आपण माणसं आणून दिली की आपलं माणूस घरी परत. आजोबांच्या आधीपासून अशीच रीत आहे. फक्त रॅडलीला नोकरचाकर नको, रक्ताचं माणूस हवं. माझ्याकडं बघत बघत म्हणाला, "बहीण आहे ना तुला?"

ही त्याची शेवटची फेरी आहे म्हणे. परत हा किनारा बघायचा नाही, घरी जाऊन मेंढरं पाळायची. म्हणून तर मोकळ्या हातानं देतोय. शेवटच्या फेरीला माणूस उदार होतो.

मंगळवार, ८ जानेवारी

घरात तीन दिवस नुसती आग. आई माझ्याशी बोलत नाही. बोलायचंच असलं तर अक्रोमाकडं बघून बोलते. अक्रोमा आमच्या घरातला. त्याची आई आजीनं विकत आणली होती, तो इथंच जन्मला. घरचं कुटणं, पाणी, जळण सगळं तो बघतो. आईला आईच म्हणतो. अराबाला खांद्यावरून मिरवलं ते त्यानंच.

"अक्रोमा, त्या व्यापाऱ्याला सांग, जेवण वाढलंय," असं आई म्हणते. अक्रोमा मान खाली घालून हसतो.

शेवटी आज मामा आला. मला वाटलं, चिडेल. मी त्याच्या पाठीमागं कप्तानाशी बोललो होतो. पण नाही. शांतपणे बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "पोरगं मोठं झालं म्हणायचं. निम्मा वाटा घराण्याचा, म्हणजे माझा. काय?"

मी मान डोलावली.

आई म्हणाली, "तुझ्या स्वतःच्या पोरी आहेत की. त्यातली एक बसव जहाजावर."

"एफुआ, माझी पोरं त्यांच्या आईच्या घराण्याची. त्यांना हात लावला तर त्यांचा मामा माझी मान मुरगळेल. ही माझी भाची. हिच्यावर हक्क माझा."

"हक्क तुझा. कळा माझ्या."

"मलाही ठेवलं होतं लहानपणी. विसरलीस? गोऱ्यांची बिस्किटं खाऊन असा फुगून आलो की आईनं ओळखलं नाही." तो हसला. मीही हसलो. आई हसली नाही.

अराबा दारात बसून मासे साफ करत होती. डोकं वर न करता म्हणाली, "मी जाते. नाहीतर हा जन्मभर कोंबड्याच चालवत बसेल. पण परत आल्यावर मला माझ्या नावाची होडी पाहिजे. भाड्यानं देईन."

"दिली."

"नुसतं दिली म्हणू नकोस. लिही."

लिहितो. अराबाला एक होडी.

गुरुवार, १० जानेवारी

सोडून आलो. आन्सा तांडेलानं स्वतः होडी काढली. लाटांची फूट ओलांडताना आमच्या अंगावर एवढं पाणी आलं की अराबाची पुरचुंडी भिजली. ती आन्साला म्हणाली, "तांडेल, तुम्ही मला गहाण टाकायला नेताय की आंघोळीला?" सगळे वल्हेकरी हसले.

रॅडलीनं पाद्रीबाबाकडं होतं तसलं काळं पुस्तक आणलं, ओठांना लावलं. तू येईपर्यंत ही सुखरूप राहील, तू माणसं दिलीस की त्याच घटकेला मोकळी, असं म्हणाला. मी आमची शपथ त्याच्या शपथेवर घातली. गहाणाची रीत त्याला परत सांगितली: डेकवर राहणार, खाली नाही. घरचं जेवण येणार. केस, कंबरेचे मणी, कापड, सगळं तिचं तिच्याकडं. तो प्रत्येक गोष्टीला "अर्थातच" म्हणत होता.

छपराखाली आम्ही थोडा वेळ बसलो. अराबानं फळीला कान लावला.

"खाली किती आहेत?"

"मला काय माहीत."

"गुणगुणतायत."

"होईल सवय."

"कुणाला?" तिनं विचारलं. तेवढ्यात आन्सानं हाक मारली, मी उठलो.

परत येताना बरं वाटत नव्हतं. दारू जास्त झाली असेल.

मंगळवार, २२ जानेवारी, बाजार

इथं समुद्र नाही, तरी मंगळवारी हात आपोआप थांबतो. बाजार मात्र थांबत नाही. उत्तरेचा धुळीचा वारा सुटलाय. ओठ फुटलेत, सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. नदीकाठी माणसांना धुतात, तेल लावतात, मग बघायला बसवतात. मी दात बघतो, डोळे बघतो, पळायला लावतो. मामाबरोबर येऊन शिकलोच होतो. आता माझ्याच मालावर करतोय, त्याची मजा वेगळी.

आठ मिळाले. चांगले आहेत.

त्यातला एक चांगला बोलतो. लोहार आहे. आमच्या भाषेतले शब्द मोडके का होईना जोडतो. दोरीला बांधल्यावर मला म्हणाला, "मालक, माझ्या बाबतीत काहीतरी चूक झालीय. मी गुलाम नाही. मला माझ्या भावानं गहाण ठेवलं होतं. दुष्काळात. भाऊ धान्य घेऊन परत आला, तोवर त्यांनी मला विकून टाकलं होतं."

मी म्हणालो, "मग तुमच्याकडं रीतभातच नाही."

"आहे," तो म्हणाला. "तुमच्यासारखीच आहे."

आमच्याकडं असं होत नाही. समुद्रकाठच्या लोकांना शब्दाची चाड असते. जहाजवाल्यांनाही असते, नाहीतर पुढच्या फेरीला त्यांना माणूस कोण देईल? पुढच्या फेरीचा विचार केला की सगळे सरळ वागतात. हे मी त्याला समजावून सांगणार होतो. मग वाटलं, कशाला.

बुधवार, ३० जानेवारी, वाटेत

दहा झाले. परत फिरलोय. लोहार रात्रभर खोकतो. झोप नाही.

अराबाला होडी कुठल्या रंगाची पाहिजे ते विचारायचं राहिलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पोचलो. आईनं दारातच विचारलं, "पोरगी?" मी म्हणालो, "आधी यांना तर पोचवू दे." तिनं माझ्यामागच्या दोरीवरून नजर फिरवली आणि आत गेली. मग अक्रोमानं सगळ्यांना पाणी पाजलं.

आन्सानं दोन खेपांत आम्हाला जहाजावर नेलं. काहीतरी बदललं होतं, पण काय ते पटकन कळेना. मग कळलं. गवताचं छप्पर काढून टाकलंय. डेक उघडा पडलाय, सुतार फळ्यांना डांबर लावतोय. पाण्याची पिंपं भरून रांगेत ठेवलीत. कप्तान म्हणाला, धुळीच्या वाऱ्यात छप्पर उडून जातं, म्हणून काढलं.

डॉक्टरनं एकेकाला बघितलं. नऊ ठेवून घेतले. लोहार नको म्हणाला, छातीत पाणी आहे. मी खूप बोललो. शेवटी रॅडली म्हणाला, "ठीक, लोहार तू परत ने. त्याच्या जागी एक धडधाकट दे, बहीण घेऊन जा."

मी म्हणालो, "बहिणीला भेटतो."

ती खालून वर आली. ऊन होतं म्हणून सावलीत ठेवली होती, असं डॉक्टर म्हणाला. डोकं तुळतुळीत. तिला बघून मला आधी हसूच आलं. म्हणालो, "हे काय गं, आजोबांसारखी दिसतेस." ती हसली नाही. जहाजावर उवा फार, सगळ्यांचेच केस उतरवलेत, डॉक्टर म्हणाला. मण्यांचंही तेच, उवा दोऱ्यात शिरतात.

ती माझ्या अगदी जवळ आली. मिठाचा वास नव्हता तिला. खालचा वास होता.

"एको, मला आत्ता ने."

"एकच माणूस कमी आहे. दोन दिवस."

"मग मला ने आणि तो माणूस नंतर दे."

"अगं, धंद्यात असं चालत नाही."

"त्यांनी माझे दात मोजले."

"दात दुखत होता का?"

"नाही," ती म्हणाली. आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी मासे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आहे आणि तिच्याकडं मासे नाहीत.

तिथं थांबून भांडायला हवं होतं का? पण ज्याच्या हातात आपलं माणूस आहे, त्याच्याशी भांडून काय मिळणार? मी कप्तानाला केसांबद्दल बोललो, रीतसर बोललो. त्यानं माफी मागितली. माझ्या खांद्यावर हात ठेवून मागितली.

शनिवार, ९ फेब्रुवारी

बाजार लांब. परत जाऊन यायला वेळ नाही, कप्तान तेवढं थांबणार नाही. गावातल्या दलालांकडं फिरलो. कुणाकडं एक माणूस जास्तीचं नाही. ज्यांच्याकडं आहे तेही नाही म्हणतात, कारण मी मामाला सोडून धंदा केला, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. दारातूनच पिटाळतात.

मामाकडं गेलो. तो अंगणात पाय पसरून बसला होता.

"काय व्यापारी?"

"एक माणूस पाहिजे."

"घरात आहे की."

मला कळलं नाही. मग कळलं. आमच्या घराकडून अक्रोमाच्या मुसळाचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "तो घरात जन्मलाय. घरात जन्मलेल्याला समुद्रापार देत नाहीत."

"बरोबर. देत नाहीत."

"मग?"

"मग काय, देऊ नकोस. अराबाला राहू दे." त्यानं पंखा उचलला. "रीत काही आभाळातून पडत नाही, एको. आपणच घालतो, आपणच थोडी बाजूला सरकवतो. गरज संपली की परत जागेवर."

संध्याकाळी आईला सांगितलं. या वेळी माझ्याकडं बघून बोलली. चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "माझी पोरगी आण." एवढंच. हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.

अक्रोमाला आज तिनं माशाचा मोठा तुकडा वाढला. तो म्हणाला, "आई, आज सण आहे का?"

सोमवार, ११ फेब्रुवारी

झालं.

सकाळी अक्रोमाला म्हणालो, अराबाला आणायचंय, तिचं सामान उचलायला चल. तो एवढा खूश झाला की पळतच होडीत जाऊन बसला. वाटेत आन्साला सांगत होता, तिला खांद्यावरच उतरवणार, लाटेत पाय भिजू देणार नाही. आन्सा वल्ह्याकडं बघत राहिला. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही.

जहाजावर गेल्यावर अक्रोमाला डॉक्टरकडं पाठवलं. "आत जा, सामान आतच आहे." तो आत गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली. माझं नाव घेतलं त्यानं. मग परत आली. मी कप्तानाशी बोलत होतो.

मी हे लिहितोय, कारण पाद्रीबाबा म्हणायचा, जे बोलता येत नाही ते लिही. लिहिलं. आणि तसंही, त्याची आई विकतचीच होती. घरात जन्मला म्हणजे घरचा होतो असं नाही. गहाणाचं माणूस आणि विकतचं माणूस, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं जग त्यावर चालतं. हा फरक नसता तर अराबाला मी त्या जहाजावर पाय तरी ठेवू दिला असता का?

दहा पुरे झाले. रॅडलीनं माझा हात हातात घेऊन जोरात हलवला, म्हणाला, तुझ्यासारखा शब्दाचा पक्का माणूस या किनाऱ्यावर दुसरा बघितला नाही. दारू काढली. आम्ही दोघंच बसलो. मामाला असा कधी बसवला नसेल त्यानं.

मग म्हणालो, "बहीण?"

तो म्हणाला, "बघ, भरती चढलीय. लाटा केवढ्या फुटतायत. होडीत तुझ्या वाट्याची दारूची पिंपं आहेत, कापड आहे. बाईमाणसाला त्यात कशाला कोंबायचं? आंघोळ घालतो, नवं लुगडं देतो, पहिल्या होडीनं पाठवतो."

मी म्हणालो, "उद्या मंगळवार आहे. होडी लोटत नाहीत."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "म्हणून तर बुधवारी म्हणतोय."

इथं एवढे दिवस राहून त्याला आमच्या रीती पाठ झाल्यात, याचं मला कौतुक वाटलं. लांबून अराबाला हात केला. ती दोन खलाशांच्या मध्ये उभी होती. तिनं हात केला नाही. रुसली असेल. नवं लुगडं बघून जाईल रुसवा.

होडीत आन्सा म्हणाला, "पोरगी कुठाय?"

"बुधवारी."

"वर जा आणि तिला घेऊनच खाली ये. मी थांबतो. पिंपं इथंच पाण्यात टाकतो हवं तर."

"तांडेल, त्यानं पुस्तकाला ओठ लावलेत."

"ओठांचं काय," आन्सा म्हणाला. थोडा वेळ होडी जहाजाच्या अंगाला तशीच घासत राहिली. मग त्यानं वल्हेकऱ्यांना खूण केली.

आता परत वर जाऊन मागितली असती, तर तो म्हणाला असता, हा माझ्यावर विश्वास ठेवत नाही. एवढ्या मोठ्या सौद्यानंतर एका दिवसासाठी वाईटपणा घ्यायचा? पुढं दुसरी जहाजं येणारच आहेत. रॅडली त्यांच्या कप्तानांना माझं नाव सांगणार आहे. स्वतः म्हणाला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

समुद्राची सुट्टी. सकाळपासून घरात गडबड. आईनं सुरण उकडायला घातलाय. तो कुटून, लाल तेल घालून, वर अंडी ठेवायची. संकटातून परत आलेल्याला आमच्याकडं हेच खायला देतात. उद्या पहाटे ताजं करायचं, आज नुसती सवयीची तयारी, असं ती म्हणते. मधूनच तिनं उखळाकडं बघून हाक मारली, "अक्रोमा," आणि थांबली. मग मी उठून कुटायला लागलो. हाताला फोड आलेत, लेखणी नीट धरता येत नाही.

लोहार अंगणात बसलाय. त्याला कुणी घेणार नाही, म्हणून सोडलाय. खोकत खोकत त्यानं विचारलं, "तुमची गहाण टाकलेली मुलगी आली का?" उद्या, म्हणालो. त्यानं मान खाली घातली.

धुळीचा वारा आज जमिनीकडून जोरात सुटलाय. थंड आहे, बरं वाटतं. आईला घेऊन किनाऱ्यावर आलो, इथंच बसून लिहितोय. गावातले लोक उगाच जमलेत. मंगळवारी एवढी गर्दी कधी नसते. मामा आलाय, लांब उभा आहे. आन्सा आपल्या होडीला पाठ टेकून वाळूत बसलाय, दोन्ही हात मांडीखाली घातलेत. मी म्हणालो, "तांडेल, उद्या पहिली होडी आपली हां." त्यानं तोंड फिरवलं. कधीकधी तो असाच असतो.

रॅडलीच्या लोकांनी शिडं उलगडलीत. धुळीनं भरली असतील, झटकायला काढली असणार. खलाशी दोर ओढताना गातायत, इथवर ऐकू येतं. नांगर वर घेतलाय. तिथला तळ खडकाळ आहे, नांगर अडकतो, म्हणून अधूनमधून जागा बदलतात. मागंही एकदा बदलली होती.

आईनं विचारलं, "काय करतायत?"

मी सांगितलं, जागा बदलतायत.

ती वाळूत बसली नाही, उभीच आहे. डोळ्यांवर हात धरलाय. धुळीत नीट दिसत नाही, निळा पट्टा तर मघापासून दिसत नाही. कुणीतरी बाई रडतेय, कुणाची कोण जाणे, तिला गप्प करायला हवं, आई घाबरेल.

आई म्हणतेय, "एको, जहाज लहान का दिसायला लागलंय?"

मी तिला सांगितलं, धुळीत तसं दिसतं.